धरणातली लाँच आणि आमचे मिस्त्री

रिपेअरिंगच्या धंद्यात एक गंमत असते. मशिन कितीही नीट उघडा, परत जोडताना दोन-चार स्क्रू उरतातच! कुठले म्हणून विचारू नका. मशिन चालतं, स्क्रू डब्यात जातात. किश्श्यांचं तसंच आहे. काम संपतं, माणसं आपापल्या घरी जातात आणि हे मागे उरतात. माझ्याकडे असा डबा भरून किस्से आहेत. पण मित्रमंडळी जमली की फर्माइश एकाच कामाची होते. धरणातल्या लाँचच्या एसीची!

काळ बहात्तरच्या दुष्काळाचा. मी तेव्हा नगरजवळ भिंगारला गुलाबराव मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये वायरमन होतो. मिस्त्री मिलिट्रीच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलेले. फ्रीज, बर्फाची मशिन, वॉटर कूलर, जे जे म्हणून गार करतं ते सगळं दुरुस्त करायचे. पन्नाशीचा माणूस, अंगात खाकी शर्ट, कानावर पेन्सिल. कुठल्याही कामाला "न्हाई" म्हणायची सवय नव्हती. पुढचं सगळं रामायण त्या सवयीमुळेच घडलं.

*

एके दिवशी दुकानात धरणावरचे एक ओव्हरसियर आले. "जुना एसी आहे. त्याचे कंट्रोल बदलून नवे बसवायचेत. येणार का?"

"येनार की! उद्याच येतो," मिस्त्री म्हणाले. धरणावर एसी नेमका कुठे आहे, हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिडी, ड्रिल, वायरची बंडलं घेऊन एसटीने धरणावर पोचलो. धरणाचं नाव सांगत नाही. आमच्या जिल्ह्यात मोठी धरणं आहेतच किती, लगेच ओळखाल. आम्ही ऑफिसच्या दिशेने चालायला लागलो तर ओव्हरसियर म्हणाले, "तिकडे नाही, इकडे." आणि त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं.

पाण्यात लाँच उभी होती. पांढरी, पन्नास फुटी, पितळी खिडक्यांची. पूर्वी मुंबईत एका संस्थानिकाची होती म्हणे. पाटबंधारे खात्याने ती जुनी विकत घेतली आणि ट्रेलरवर घालून घाट चढवून नगर जिल्ह्यात आणली, पाहुण्यांना धरण दाखवायला.

लाँचवर एक म्हातारा उभा होता. दामूअण्णा तांडेल, लाँच चालवणारे. मूळचे मालवणकडचे. लाँच आली, तिच्याबरोबर हेही आले. त्यांनी आमची शिडी बघितली, आम्हाला बघितलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "पोहता येता काय?"

मिस्त्रींनी शिडी खाली ठेवली. "आवो तांडेल, आमच्या नगरला प्यायला पानी पुरंना. पव्हायला कुठून आनू?"

*

पहिल्याच दिवशी चहा पिताना तांडेलांनी आम्हाला एक कागद दाखवला. वरून आलेलं पत्र होतं. मे महिन्यात मोठे साहेब तपासणीला येणार. नव्या कंट्रोलवर एसी नीट चालला तर लाँच राहणार. नाही चालला तर लाँच भंगारात.

"आन् तुमी?" मिस्त्रींनी विचारलं.

तांडेलांनी कागदाची घडी घातली. बावीस वर्षं ते त्या लाँचवर होते. तिच्यावरच जेवायचे, तिच्यावरच झोपायचे. "लाँच गेली तर मी खयचो? ना समुद्राचो, ना धरणाचो," म्हणाले आणि कप विसळायला निघून गेले.

भिंगार आल्यावर एसटीतून उतरता उतरता मिस्त्री म्हणाले, "वसंता, ह्ये काम चुकवायचं न्हाई हां." मला त्या माणसाचा तो स्वभाव फार आवडायचा. एरवी दिवसभर माझ्यावर खेकसायचे, पण दुसऱ्याचं दुःख ऐकलं की त्यांना ते आपल्याच घरचं वाटायचं.

*

आता जुने कंट्रोल बघायचे म्हणून आम्ही खाली इंजिनरूममध्ये उतरलो. मशिन दणकट होतं. कंप्रेसर असा की बघत राहावं! पण त्याला थर्मोस्टॅटच सापडेना. थर्मोस्टॅट म्हणजे खोली पुरेशी गार झाली की मशिन बंद करणारी आणि गरम व्हायला लागली की चालू करणारी डबी. मी तासभर शोधली. भिंतीवर एक भलामोठा खटका होता आणि त्याच्या वर एक पितळी घंटा. बस्स!

"तांडेल, थर्मोस्टॅट कुठाय?" मी वर ओरडून विचारलं.

तांडेल जिन्यावरून खाली आले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "हो काय! मीच तो!"

मग उलगडा झाला. राजेसाहेबांना थंडी वाजली की ते केबिनमध्ये दोरी ओढायचे. खाली एकदा घंटा वाजली की मशिन बंद. उकडायला लागलं की दोनदा ओढायचे, मशिन चालू. खटक्याशेजारी स्टुलावर तेव्हा तांडेल बसलेले असायचे. "राणीसाहेब आणि राजेसाहेब दोघांचा भांडाण झाला काय दिवसभर घंटा! एक बंद करी, दुसरो चालू करी!"

मिस्त्रींनी पिशवीतून नवा थर्मोस्टॅट काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. "तांडेल, तुमच्या जागी आता ह्यो बसनार."

तांडेलांनी तो उलटापालटा करून बघितला, कानाशी नेऊन हलवला आणि विचारलं, "ह्याका झोप लागत नाय?"

*

मिस्त्रींची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. ते थर्मामीटर वापरत नसत. "काचंतल्या पाऱ्याला काय कळतंय मानसाचं!" असं म्हणायचे. त्यांचं माप म्हणजे चहा. खोलीत उकळत्या चहाचा कप ठेवायचा, घड्याळ लावायचं आणि साय कधी धरते ते बघायचं. चार मिनिटांत साय धरली की खोली साहेब लोकांना लागते तेवढी गार. सहा लागली तर अजून गार करायची. हसू नका! मिलिट्रीच्या मेसपासून डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत सगळे एसी त्यांनी असेच लावलेले होते आणि एकाचीही तक्रार नव्हती.

लाँचवर नवा थर्मोस्टॅट बसवला, मशिन चालू केलं, केबिनची दारं लावली. आत मी आणि मिस्त्री, समोर टीपॉयवर चहाचा कप.

चार मिनिटं झाली. साय नाही.

"गार कर अजून," मिस्त्री म्हणाले. मी बटन फिरवलं. तांडेलांनी दाराच्या फटीतून नवा कप दिला. पाच मिनिटं, सहा मिनिटं, आठ मिनिटं. साय नाही!

"अजून!"

असे सहा कप झाले. बाहेर एप्रिलचं ऊन माणूस भाजून काढत होतं आणि आत माझे दात वाजायला लागले होते. तांडेलांची घोंगडी होती, ती आम्ही दोघांनी मिळून पांघरली. खिडकीच्या काचांवरून बाहेरच्या अंगाने पाणी ओघळत होतं.

"मिस्त्री, आता पुरे झालं. लई गार झालंय."

"तुला काय कळतंय? साय बघ! उ-उ-उन्हाळाच हाय अजून आत!" मिस्त्रींची हनुवटी थडथडत होती, पण विश्वास जागेवर होता.

तेवढ्यात तांडेल सातवा कप घेऊन आले. ह्या वेळी दार पुरतं उघडल्याबरोबर दोन पावलं मागे सरले. एका घोंगडीत बसलेल्या आम्हा दोघांना बघून म्हणाले, "काय झाला रे? ताप इलो काय?"

"चहावर साय धरंना!" मी म्हणालो.

"शेळीच्या दुधाक साय कशी धरतली?" तांडेल म्हणाले. "गावातल्या गायी चाऱ्याच्या छावणीत गेल्यो. आठ दिवस शेळीचाच दूध येता."

मिस्त्री घोंगडीतून उठले. घड्याळ खिशात टाकलं. मला वाटलं, आता तरी थर्मामीटर मागतील. त्यांनी फर्मान सोडलं, "वसंता, छावनीत जा. गायीचं दूध घिऊन ये!"

*

दुसरी सवय पूजेची. नवीन पार्ट बसवला की मिस्त्री नारळ फोडायचे आणि पार्टला हळदीकुंकू लावायचे. ती पूजा झाल्याशिवाय स्विच ऑन करायची कुणाची टाप नव्हती.

थर्मोस्टॅटच्या हुकमावरून कंप्रेसरला करंट देणारा एक नवा रिले मी बसवला. खटक्याच्या जागी आता हाच. यथासांग नारळ फुटला. मी स्विच ऑन केला. रिले टक् करून वाजला, पण मशिन ढिम्म! पुन्हा टक्. पुन्हा ढिम्म.

दोन दिवस मी फॉल्ट शोधत होतो. वायरी बदलल्या, फ्यूज बदलला, मिस्त्रींच्या शिव्या खाल्ल्या. "वायरमन म्हन्तो सोताला! घरची बेल तरी लावली का कधी?" तिसऱ्या दिवशी वैतागून मी रिलेच उघडला. आतल्या दोन्ही पॉइंटवर, जिथे चांदी चांदीला टेकायला हवी, तिथे बोटाएवढे दोन लालभडक टिळे! मिस्त्रींनी बाहेरून नाही, झाकण काढून पार गाभाऱ्यात जाऊन पूजा केली होती.

मी फडकं घेतलं. पॉइंट पुसले. मशिन भरकन चालू झालं.

मिस्त्री माझ्या खांद्यावरून सगळं बघत होते. थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वसंता, इथून पुढं कुंकू झाकनाला लावत जा."

"मी लावलं होतं?"

"मंग? आता काय म्या लावलं व्हय?"

*

ह्या मशिनला गार ठेवायला धरणाचंच पाणी लागायचं. खालून पंप पाणी ओढणार, मशिनमधून फिरवणार आणि परत धरणात सोडणार. पाणी ओढायच्या तोंडावर जाळी आणि आत मशिनजवळ आणखी एक गाळणीचा डबा.

एप्रिलच्या शेवटी रोज एकच फॉल्ट यायला लागला. बरोबर साडेअकराला मशिन बंद! तांडेल जिन्यावरून हाक मारायचे, "मिस्त्रीनू, मशिन बंद पडला!" आम्ही गाळणीचा डबा उघडायचो तर त्यात मूठ-दोन मूठ मासे. पाणी अडलं की मशिन तापायचं आणि नवा कंट्रोल ते इमानदारीने बंद करायचा. तांडेल लगबगीने पातेलं पुढे करायचे, मासे त्यात, डबा साफ, मशिन चालू. म्हणायचे, "पाणी आटता, मासे दाटी करतत. त्यांचो काय दोष?"

आठ दिवस हे चाललं. मिस्त्री चक्रावले. पाणी आटतं हे खरं, पण मासे साडेअकरालाच कसे येतात? एसटीची ड्यूटी करतात काय? मग एक दिवस ते नेहमीपेक्षा तासभर आधी आले आणि गुपचूप काठावर उभे राहिले. बघतात तर तांडेल बाहेरची जाळी काढून तोंडासमोर भाकरीचा चुरा टाकतायत!

मिस्त्री पाऊल न वाजवता मागे फिरले. लाँचवर आले, कामाला लागले. साडेअकराला हाक आली, डबा उघडला, मासे पातेल्यात गेले. मी जेवणाचा डबा सोडायला लागलो, तर मिस्त्री म्हणाले, "थांब." आणि तांडेलांच्या चुलीपाशी जाऊन मांडी घालून बसले.

"तांडेल, आठ दिस फॉल्ट आमी काढतोय. चव तुमी एकट्यानंच घ्यायची व्हय?"

तांडेल लाजले. असे लाजले की कानांपर्यंत लाल झाले. मग तीन ताटल्या निघाल्या. इतकं चांगलं कालवण मी त्या आधी खाल्लं नव्हतं आणि नंतरही नाही.

दुसऱ्या दिवसापासून जाळी जागेवर बसली. कारण हसण्यावारी नेलं तरी तपासणी जवळ आली होती आणि तांडेल दिवसातून चार वेळा ते पत्र उघडून वाचत होते.

*

तपासणीचा दिवस उजाडला. मे महिना. धरण आटून आटून भिंतीजवळच्या खोल भागात तेवढं पाणी राहिलेलं. लाँच तिथेच आणून बांधली होती. तांडेलांनी पितळ घासून आरशासारखं केलं होतं, ठेवणीतला पांढरा ड्रेस घातला होता. ओव्हरसियरांनी केबिनमधला राजेसाहेबांच्या वेळचा गालिचा धुवून घेतला होता. सकाळी नऊपासून एसी चालू. आत असा गारवा की सुख वाटावं. साहेब अकराला येणार होते.

भिंतीच्या पलीकडे दुष्काळी काम चालू होतं. शंभर-दीडशे माणसं खडी फोडत होती, त्यात बायाच जास्त. दहाच्या सुमाराला तिकडून ओरडा झाला. एक म्हातारी उन्हाने भोवळ येऊन पडली होती. तिला सावलीत नेतायत तोवर दुसरी पडली, मग एक लेकुरवाळी. झाड म्हणाल तर एक नाही. दवाखाना बारा मैलांवर आणि ट्रक खडी घेऊन गेलेला.

तांडेल भिंतीवर उभे राहून बघत होते. एकदम वळले आणि हात उंचावून ओरडले, "हयसर आणा! लाँचवर आणा!"

ओव्हरसियर धावत आले. "अहो तांडेल, डोकं फिरलं काय? तासाभरात साहेब येतायत! केबिनमध्ये कुणालाही घ्यायचं नाही! गालिचा काल धुतलाय!"

"गालिचो परत धुवूक येता, साहेब," तांडेल म्हणाले आणि लाँचवर चढायच्या फळीवरून त्या म्हातारीला स्वतः उचलून आत घेऊन गेले.

मी मिस्त्रींकडे बघितलं. मिस्त्री केव्हाच थर्मोस्टॅटपाशी जाऊन उभे होते. "एकदम गार करू नगं. तापलेलं मानूस हाय, सोसायचं न्हाई. दमादमानं घ्यायचं." एरवी मशिनवर गुरगुरणारा हा माणूस, त्या दिवशी बटन असं फिरवत होता की जणू तान्ह्या बाळाचा कान धरलाय.

तीनच्या सात झाल्या, सातच्या अकरा. दोन पोरंही आली. कुणी गालिच्यावर, कुणी बाकावर. म्हातारीला राजेसाहेबांच्या मखमली कोचावर निजवलं होतं. मी ओली फडकी पिळून देत होतो. सगळ्यांच्या पायाला खडीचा धुरळा, गालिचा पांढराफेक झाला. पण अर्ध्या-पाऊण तासात एकेकीचे डोळे उघडायला लागले. लेकुरवाळीने पाणी मागितलं, तेव्हा मिस्त्रींनी तोंड फिरवून डोळे पुसले. मी बघितलं. त्यांनी मला बघताना बघितलं. मी पुढचं फडकं पिळायला घेतलं.

आणि जीपचा हॉर्न वाजला.

साहेब उतरले. धिप्पाड माणूस, डोक्यावर हॅट, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, काखेत फाइल. चेहऱ्यावरून वाटलं, रस्ताभर ह्या लाँचच्या नावाने खडे फोडत आले असावेत. आम्ही बाहेर येऊन फळीपाशी उभे राहिलो. तांडेल टोपी हातात घेऊन ताठ उभे होते. बावीस वर्षं त्या फळीच्या टोकाला उभी होती.

"एसी चालतो का?" साहेबांनी विचारलं.

मिस्त्रींनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे मलाही कळलं नाही.

साहेब फळीवरून चढले आणि केबिनचं दार उघडून उभे राहिले. आत अकरा बाया, दोन पोरं. साहेब उंबऱ्यातच थबकले.

कोचावरची म्हातारी कोपरावर उठली. कपाळावरचं फडकं एका हाताने धरलं आणि कडाडली, "आरं ए बाबा! आत यायचं तर ये, न्हाई तर दार लाव! समदा गारवा भाईर चाललाय की!"

साहेबांनी दार लावलं. हळूच, आवाज न करता. पण बाहेरून.

मग ते तिथेच डेकवर, दोरखंडाच्या वेटोळ्यावर, भर उन्हात बसले. हॅट काढली, मांडीवर फाइल घेतली. तासभर बसले होते. ओव्हरसियरांनी छत्री धरली, तर ती त्यांनी फळीवरून येणाऱ्या आणखी एका बाईवर धरायला लावली. शेवटी खिशातून पेन काढलं, दोन-तीन ओळी लिहिल्या, कागद फाडून तांडेलांच्या हातात दिला आणि जीपकडे चालू लागले.

तांडेलांनी खिसे चाचपले. चष्मा सापडेना. "वाच रे, वसंता. काय ता एकदाचा सांगून टाक."

मी वाचलं.

"केबिनची आतून तपासणी करता आली नाही. एसी उत्तम चालतो. लाँच व तांडेल आहेत तिथेच ठेवावेत."